स्पेनमध्ये बेरोजगारी आपल्या तिप्पट, मग स्पेनची पोरं नागपूरच्या बुटीबोरी एमआयडीसीत का येत नाहीत?

बर्डीवाला
दुकानं बंद करताना आम्ही चार-पाच जण शटरपाशी उभे राहतो, त्यात आठवडाभर एकच विषय सुरू आहे. एक म्हणतो, जपानला मागे टाकलं, चौथी अर्थव्यवस्था झालो. दुसरा म्हणतो, आपल्याकडे बेरोजगारी फक्त ३.२ टक्के, २०२३-२४ चा सरकारी आकडा आहे. तिसरा काही म्हणत नाही, त्याचा मुलगा एम.ई. होऊन घरी आहे.

मी घरी येऊन बाकीच्या देशांचे आकडे पाहिले. २०२४ मध्ये स्पेन ११ टक्क्यांच्या वर. स्वीडन, फिनलंड ८ च्या वर. म्हणजे आपण या सगळ्यांपेक्षा भारी? मग माझ्या काउंटरवर बसायला बी.कॉम. झालेली पोरं दहा-बारा हजारात का तयार होतात? पोलीस भरतीच्या मैदानावर इंजिनीअर का पळतात?

विचारायचं इतकंच की देशादेशांची तुलना करायची तर कोणता आकडा धरायचा? आणि "नोकऱ्या आहेत हो, पोरांकडे कौशल्य नाही" हे जे उठता-बसता ऐकतो, त्यात खरं किती? राजकारण आणू नका, त्याला दुसरे धागे आहेत.

तर्री_पोहे
स्पेनचं पोट्टं मे महिन्यात बुटीबोरीत टिकून दाखवंल तर मी त्याले माह्या खर्चानं सावजी चारतो. मंग तोच म्हणंल, बेरोजगार होतो तेच बरं होतं बाप्पा.

वर्धा_रोड
धाग्याचा सूर आधीच रडका लागला आहे, म्हणून लिहितो. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. आपली ६-७ टक्क्यांनी वाढते आहे. मी मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-प्रकल्पात, काम करतो. माझ्या वेळी इंजिनिअरिंग झालं की पुण्याची ट्रेन पकडायची, दुसरा पर्यायच नव्हता. आता टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल इथेच आहेत, विमानांची दुरुस्ती इथे होते, फाल्कन विमानांचे भाग इथे बनतात. हे मोजायचं नाही का?

झिरो_माईल
मोजा ना. पण भागाकारही करा. जपान साडेबारा कोटी लोकांत चार ट्रिलियन डॉलर करतो, आपण १४० कोटींहून जास्त लोकांत. दरडोई आपण २,७०० डॉलरच्या आसपास, व्हिएतनाम ४,७००, जपान ३२ हजारांच्या वर, जर्मनी ५५ हजार. व्हिएतनामचं नाव मुद्दाम घेतलं. तो काही श्रीमंत देश नाही, १९७५ पर्यंत तिथे युद्ध सुरू होतं.

वर्धा_रोड
@झिरो_माईल, डॉलरच्या बाजारभावाने मोजलं की असंच दिसणार. नागपुरात १०० रुपयांत कटिंग होते, जर्मनीत त्याच कटिंगचे ३० युरो. आपला न्हावी काय कमी केस कापतो? क्रयशक्तीने, म्हणजे त्या पैशात इथे काय मिळतं त्यावर, मोजलं तर आपण चीन-अमेरिकेनंतर तिसरे आहोत.

झिरो_माईल
कटिंग इथेच करायची असते, कच्चं तेल बाहेरून आणायचं असतं. त्याला डॉलरच लागतात. आणि क्रयशक्तीनेही दरडोई काढाच एकदा, व्हिएतनाम तिथेही पुढेच निघेल.

अंबाझरी_वॉकर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

प्रगणक
बर्डीवाले भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. काही वर्षं मी श्रमशक्ती सर्वेक्षणात घरोघर फिरलो आहे. तो ३.२ चा आकडा खोटा नाही. पण तो कसा तयार होतो ते दाराशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

काटोलकडचं एक घर. ओसरीवर म्हातारे बाबा, आतल्या अंगाला सून संत्री निवडते आहे. बारीक एका टोपलीत, मोठी दुसरीत, डागाळलेली बाजूला. मी विचारलं, सूनबाई काय काम करतात? बाबा म्हणाले, "ते? ते काई नाई करत, घरीच रायते." तीही मान डोलावते. हे असंच लिहून घेतलं तर कोड ९२, म्हणजे फक्त घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर, ना कामात ना बेरोजगारांत. पण मी पुढचे प्रश्न विचारले. म्हशी कोण पाहतं? दूध डेअरीला जातं का? ही संत्री कोणाची? की लगेच कोड २१, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. म्हणजे रोजगारात. बाई तीच, टोपली तीच. आणि हातात रुपया दोन्ही वेळा नाही.

आता मोजायची रीत. आपल्या गाजणाऱ्या आकड्यात मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब असतो. वर्षातला बराच काळ रिकामा गेला, पण ३० दिवस कुठेतरी काम केलं, तरी तुम्ही रोजगारातच. जगात रूढ आहे ती मागच्या आठवड्याची पद्धत. त्यातही आठवड्यात एक तास काम केलं की पुरे, पण निदान आठवडा ताजा असतो. सरकार २०२५ पासून त्या पद्धतीचा मासिक आकडाही देतं. पहिला, एप्रिल २०२५ चा, ५.१ टक्के होता. स्पेनशी तुलना करायचीच तर त्याच्याशी करा.

आणखी एक. २०१३ मध्ये जगभरच्या श्रम-सांख्यिकीवाल्यांनी ठरवलं की मुख्यतः घरी खाण्यासाठी धान्य पिकवणं हे काम आहे, पण रोजगार नाही. आपण अजून ते रोजगारात धरतो. जर्मनीत शेतीवर जेमतेम एक-सव्वा टक्का लोक, तिथे याने फरक पडत नाही. आपल्याकडे ४६ टक्के लोक शेतीवर आहेत.

राहिला प्रश्न स्पेनचा. तिथे नोकरी गेली की सरकारी भत्ता मिळतो, जास्तीत जास्त दोन वर्षं. पर्यटनाचा हंगाम संपला की हॉटेलातली पोरं रीतसर बेरोजगार म्हणून नोंद करतात. आपल्याकडे बेरोजगार राहायला ऐपत लागते. म्हणून तर २०२२ च्या आकड्यांत आपल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के होती. ज्याच्या घरी दोन वेळचं निभतं, तोच नोकरीची वाट पाहत बसू शकतो.

तर्री_पोहे
आठवड्यात एक तास? मंग आमचा बबल्या कायले बेरोजगार! तो तं रोज एक तास पानठेल्यावर दुसऱ्याचा गल्ला सांभाळते.

इतवारीची_सून
प्रगणकदादा, तो कोड २१ म्हणजे मी.

सासरचं साड्यांचं दुकान आहे. फॉल-पिको कुठे द्यायचा, कोणाचा माल परत जायचा, उधारीची वही, लग्नसराईत रात्री अकरापर्यंत घड्या घालणं हे सगळं माझ्याकडे. एम.कॉम. आहे. पगार विचारला तर घरात हसतात, "दुकान तुमचंच ना!" गुमास्ता परवान्यावर माझं नाव नाही ते सोडा.

पेपरात वाचलं होतं की कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मधल्या २३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये जवळपास ४२ वर गेलं. मोठी झेप म्हणून कौतुक होतं. त्यात माझ्यासारख्या किती?

प्रगणक
ताई, बऱ्याच. वाढीतला मोठा वाटा ग्रामीण बायकांचा आणि स्वयंरोजगाराचा आहे, आणि कोड २१ स्वयंरोजगारातच धरतात. एकूण कामकऱ्यांत स्वयंरोजगारवाले याच काळात ५२ टक्क्यांवरून ५८ वर गेले, नियमित पगारवाले जवळपास २३ वरून २२ च्या खाली आले. देश श्रीमंत होतो तसा हा काटा उलट्या बाजूला जातो. शेतातून कारखान्यात, घरच्या धंद्यातून पगारावर. कोरिया असाच गेला, चीन असाच गेला.

वर्धा_रोड
स्वयंरोजगार म्हणजे गरिबीच का? माझ्या ओळखीतल्या दोघांनी नोकरी सोडून धंदा टाकला, दोघांचं उत्तम चाललं आहे.

प्रगणक
ते आणि चौकातला संत्र्याचा ठेला एकाच रकान्यात येतात, भांडण तेवढंच आहे.

श्वाबेनहून
मूळचा खामल्याचा, आता श्टुटगार्टजवळ. एक भर घालतो. जर्मनीत बेरोजगारीचे दोन आकडे शेजारी शेजारी नांदतात. युरोपच्या मोजणीनुसार साडेतीनच्या आसपास आणि इथल्या रोजगार खात्याच्या नोंदीनुसार सहा. कारण खात्याकडे नोंद केलेला माणूस आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करत असेल तरी तो बेरोजगारच धरला जातो. आपल्याकडे एक तास केला की सुटला. एकाच देशाचं असं, तर दोन देशांचं काय घेऊन बसलात.

कौशल्याबद्दल. माझ्या शेजारचा मुलगा दहावी करून हीटिंग बसवायचं शिकतो आहे. तीन-साडेतीन वर्षांचा करार. आठवड्यातले तीन-चार दिवस मालकाबरोबर लोकांच्या तळघरात, उरलेले शाळेत. महिन्याला हजार युरोच्या आसपास मिळतात. परीक्षा मालकही घेत नाही, शाळाही घेत नाही. व्यवसायाची मंडळं घेतात, म्हणून ते प्रमाणपत्र देशात कुठेही चालतं. असे सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय आहेत. आणि मालक शिकवतो कारण साडेतीन वर्षांनी तोच मुलगा त्याला कामाला हवा असतो.

गुणगान नको म्हणून हेही सांगतो, की बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं ते ठरतं. आमच्या मुलीच्या वेळी बायको आठवडाभर झोपली नव्हती.

हिंगणा_टूलरूम
वा. आता माझं ऐका. एमआयडीसीत छोटं टूलरूम आहे, साचे आणि डाय बनवतो, अठरा माणसं. आयटीआय झालेला मुलगा येतो, फिटर, ७८ टक्के. हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाची सरकती पट्टी, देतो आणि बुश मोजायला सांगतो. मुख्य पट्टीवरचं वाचतो आणि थांबतो. खालच्या पट्टीवर कोणती रेघ जुळली ते पाहायचं असतं हेच माहीत नाही. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारं यंत्र हातात, आणि हा सांगतो "साडेचोवीस आहे सर". अशा माणसाच्या हाताखालून डाय गेली तर गिऱ्हाईक गेलं. मग म्हणायचं नोकऱ्या नाहीत!

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणातच लिहिलं आहे. रीतसर प्रशिक्षण घेतलेले कामगार आपल्याकडे ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६. विषय संपला.

निदेशक
विषय सुरू झाला. मी सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी आहे.

आधी त्या ९६ टक्क्यांचं. कोरियात पंचविशी-तिशीतले ७० टक्के तरुण कॉलेज झालेले आहेत, श्रीमंत देशांत सर्वांत जास्त. मग ९६ टक्के लोक कोणत्या आयटीआयतून निघाले? प्रत्येक देश "प्रशिक्षण" कशाला म्हणतो ते वेगळं. आपल्याकडे मिस्त्रीच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला सुतार त्या ४.६९ मध्ये येतच नाही. तो अकुशल का?

आता व्हर्निअर. वीस-एकवीस पोरांची बॅच, धड चालणारी व्हर्निअर चार. एकाचे जबडे मिटले तरी शून्यावर येत नाहीत. लेथ माझ्या वडिलांच्या पिढीची. निम्मी पोरं दुपारनंतर गायब, कारण डिलिव्हरीची गाडी चालवतात, घर त्यावर चालतं. आणि ७८ टक्के कसे पडले ते मला विचारू नका.

पण टूलरूमवाले साहेब, उरलेलं शिकवायचं कोणी? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणं सक्तीचं आहे. घेतात! सात-आठ हजार विद्यावेतन, वर्षभर माल उचल, पॅकिंग कर, चहा सांग. वर्ष संपलं की नमस्कार, पुढची बॅच. माझा एक विद्यार्थी वर्षभरात मशीनपाशी उभा राहिला तो फक्त झाडायला.

हिंगणा_टूलरूम
माझ्याकडे अठरा आहेत, मला सक्ती नाही. आणि मी शिकवतो हो. दीड वर्ष घासून एकाला वायर-कट मशीन शिकवलं, तो तीन हजार जास्त मिळाले म्हणून समोरच्या शेडमध्ये गेला. तिसऱ्यांदा कोण शिकवेल?

श्वाबेनहून
हीच तर खरी मेख आहे. इथे सगळेच मालक शिकवतात, त्यामुळे पळवापळवी झाली तरी हिशेब साधारण बरोबरीत सुटतो. एकट्याने शिकवणारा बुडतो.

बर्डीवाला
निदेशक सर, पोटतिडकीने लिहिलंत. टूलरूमवाले भाऊ, तुमचंही पटतं. माझ्याच दुकानात बेअरिंगचा नंबर वाचायला शिकवलेला पोरगा दोन वर्षांत समोर दुकान टाकून बसतो.

एम्प्रेसचा_नातू
थोडं अवांतर. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात होते. टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड होता, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. आजोबांना कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली तुटलेला धागा जोडायला शिकले, पुढे दुसऱ्यांना शिकवलं. २००२ मध्ये मिल बंद झाली तेव्हा माझे काका ४६ वर्षांचे होते. सूत हातावरून ओळखणारा माणूस एटीएमबाहेर वॉचमन म्हणून बसला. कौशल्य होतं, गिरणी नव्हती. आता तिथे मॉल आहे.

झिरो_माईल
आणि आपल्या विदर्भाचा कापूस अजूनही बराचसा गाठी बांधून बाहेर जातो. शर्ट शिवतं बांगलादेश. तिथे तयार कपड्यांच्या धंद्यात चाळीस लाखांच्या आसपास लोक, निम्म्याहून जास्त बायका, आणि देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त भाग हाच. इतवारीच्या ताईंसारख्या तिथे कारखान्यात जाऊन पगार घेतात. कमी असेल, पण स्वतःच्या नावावर. अमरावतीच्या नांदगाव पेठेत टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं, बघू.

वर्धा_रोड
बांगलादेशातले कारखाने कसे आहेत तेही सांगा की. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून ११०० पेक्षा जास्त लोक गेले. तसला रोजगार हवा का?

इतवारीची_सून
तसला नको. पण "तसला नको" म्हणून घरी बसवायचं, हेही नको.

व्यवस्थापक
एक प्रतिसाद उडवला आहे. धाग्यात पक्ष आणू नयेत ही धागाकर्त्याची विनंती पुन्हा वाचावी.

सिस्टर_मेडिकल_चौक
मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमा झालेली नर्स आहे, खाजगी दवाखान्यात आठ वर्षं. रात्रपाळी धरून १८ हजार. सध्या जर्मन शिकते, बी-वन पातळी झाली, बी-टू राहिली. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला तेवढी भाषा लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यानंतर नागपुरात गल्लोगल्ली जर्मनचे क्लास निघाले. त्यातल्या एका एजंटाने माझ्या मैत्रिणीकडून दीड लाख घेतले, आता फोन उचलत नाही.

आम्ही बेरोजगार नाही, कुशल आहोत, प्रमाणपत्रही आहे. तरी चाललो. म्हणजे बेरोजगारीचा आकडा आणि कौशल्याचा आकडा, दोन्हींत आम्ही "ठीक" म्हणून मोजल्या जातो. पगाराचा आकडा कोणी विचारत नाही.

तर्री_पोहे
ताई, तुमी चालल्या जर्मनीले, मंग आमाले सलाईन कोन लावन? स्पेनचं पोट्टं?

श्वाबेनहून
सिस्टरताई, माझ्या गावच्या दवाखान्यात केरळच्या चौघी आहेत, मानाने राहतात. पण मान्यता मिळेपर्यंतचे महिने साहाय्यकाच्या पगारावर काढावे लागतात, तो करार इकडे येण्याआधी नीट वाचा. जर्मनीला हे नवं नाही. १९६३ पासून दक्षिण कोरियाने इथे सुमारे आठ हजार खाणकामगार आणि दहा हजारांवर नर्सेस पाठवल्या होत्या. तेव्हा कोरिया आपल्यासारखाच गरीब होता. आज कोरियाच नेपाळ-व्हिएतनामहून कामगार आणतो.

वर्धा_रोड
बघा! म्हणजे बाहेर जाणं म्हणजे देश हरला असं नाही. पैसा घरी येतो, माणसं शिकून येतात.

झिरो_माईल
कोरियाने माणसं पाठवली आणि त्याच वेळी घरी पोलाद, जहाजं, कारखाने उभे केले. फक्त पहिलं करून भागलं नसतं.

बर्डीवाला
धागा बराच लांबला, माझा प्रश्न राहिलाच. प्रगणक भाऊ, दुकानाच्या शटरपाशी उभं राहून सांगता येईल असा एक आकडा द्या. मला उद्या भांडायचं आहे.

प्रगणक
एकच मागितला तर असा: शंभर कामकऱ्यांतले किती जण दर महिन्याला ठरलेला पगार घेतात. जर्मनीत नव्वदीच्या आसपास, आपल्याकडे जेमतेम बावीस. त्याला जोडून विचारा, त्या बावीसांतल्या किती जणांच्या हातात लेखी करारपत्र आहे. निम्म्याहून जास्तांकडे नाही. बेरोजगारीचा दर श्रीमंत देशांची आपसांत तुलना करायला बरा. आपल्यासारख्या देशात तो माणूस कामाला लागला का एवढंच सांगतो, पोट भरलं का ते सांगत नाही. नायजरमध्ये जागतिक संस्थांच्या अंदाजाने बेरोजगारी एक टक्क्याहूनही कमी आहे. तिकडे कोणी जातं का?

आणि तुमच्या काउंटरवरच्या मुलाला पगारचिठ्ठी देता का हो? सहज विचारलं.

बर्डीवाला
हा प्रश्न धाग्याच्या विषयाबाहेरचा आहे.

इतवारीची_सून
:))))

निदेशक
टूलरूमवाले साहेब, सक्ती नसली तरी तुम्हाला उमेदवार घेता येतात, चार किंवा जास्त माणसं असली की कोणालाही येतात. माझ्याकडे तीन पोरं आहेत जी दुपारनंतरही थांबतात. एक पिपळ्याहून सायकलने येतो. पाठवू का? अट एकच, पहिल्या महिन्यापासून मशीनवर.

हिंगणा_टूलरूम
पहिले पंधरा दिवस फाइलिंग, म्हणजे कानस चालवणं, आणि मोजमाप, मग मशीन. माझ्या उस्तादाने मलाही तसंच शिकवलं. विद्यावेतन नऊ हजार देईन, पण वर्षाच्या आत समोरच्या शेडमध्ये जाणार नाही हे तुम्ही त्यांच्याकडून वदवून घ्या.

निदेशक
वदवून घेणार नाही, ते त्यांच्या हातात. तुम्ही वर्षानंतर चौदा हजार देणार असाल तर ते मात्र मी आजच सांगून ठेवतो.

हिंगणा_टूलरूम
तेरा. आणि सोमवारी साडेआठला पाठवा, नऊला नाही.